पोकरमध्ये समोरचा ओळखायचा कसा: दोन आकडे, ढीगभर आकडे की वही?

आमच्या विश्रामबागच्या टेबलावर एक नवा पोरगा येऊ लागलाय, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा. परवा त्याने विचारलं, "दादा, कोण कसा खेळतो हे ओळखायला मी काय वापरू? सॉफ्टवेअर घेऊ की वहीत लिहू?" तेव्हा घाईत काहीतरी सांगितलं, आता नीट लिहितो. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: आमचं टेबल फुकटच्या चिप्सचं आहे. पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला आणि मला त्याची खंत नाही. माणूस वाचायला शिकायचं तर चिप्स पुरतात.

सुरुवात दोन आकड्यांपासून करावी असं माझं ठाम मत आहे. पहिला व्हीपीआयपी: शंभर डावांपैकी किती डावांत गड्याने आपणहून चिप्स घातल्या. ब्लाइंडच्या, म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांना घालाव्याच लागणाऱ्या सक्तीच्या चिप्स यात धरत नाहीत. बिग ब्लाइंडला, म्हणजे त्यातल्या मोठ्या सक्तीच्या जागी बसून नुसतं चेक केलं, म्हणजे आणखी चिप्स न घालता डाव पुढे जाऊ दिला, तर तेही नाही. दुसरा पीएफआर: फ्लॉप, म्हणजे टेबलावरची सगळ्यांची पहिली तीन पानं उघडण्याआधी किती डावांत त्याने रेज केलं, म्हणजे बोली वाढवली. रेज केलं की पहिला आकडाही वाढतोच, म्हणून दुसरा पहिल्यापेक्षा मोठा कधी होत नाही. बघायचं असतं ते दोघांतलं अंतर. सहा जणांच्या टेबलावर 22/18 (आधी व्हीपीआयपी, मग पीएफआर) म्हणजे निवडक पानं खेळणारा आणि खेळला की स्वतः पुढे होणारा. 45/8 म्हणजे जवळजवळ निम्म्या डावांत डोकावणारा, पण रेज न करता कॉल करत, म्हणजे समोरच्याइतक्याच चिप्स घालत, शेवटपर्यंत येणारा. त्याच्यापुढे ब्लफ वाया जातो. चांगली पानं आली की मोठी बेट लावा, तो देतो. 60/40 वाला कशावरही रेज करतो, तिथे दम धरून बसायचं.

आणि 12/9? हा हात आखडून खेळणारा. तो नेमकं काय खेळतो हे मोजून बघा. प्रत्येकाच्या हातात दोन पानं येतात; अशा दोन पानांचे एकूण 1326 संच होतात, त्यांचे 12 टक्के म्हणजे साधारण 159. दुर्रीपासून एक्क्यापर्यंतच्या सगळ्या जोड्या मिळून 78 संच. एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम यांचे प्रत्येकी 16, म्हणजे 48. झाले 126. उरलेल्या तेहेतीसात राजा-राणी आणि आणखी थोडंफार. असा माणूस रेज करतो तेव्हा तुमच्या हातातल्या एक्का-नव्वीचा एक्का बघून हुरळायचं कारण नाही. नुसत्या दोन आकड्यांतून एवढं हाती लागतं.

पण हे आकडे किती डावांवरचे आहेत, यावर सगळं अवलंबून आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळं पातेलं एकाच आचेवर शिजलेलं असतं. पत्त्यांचं तसं नाही, अर्धा तास नुसती चांगली पानं येत राहतात. मागच्या वर्षी एका गड्यावर मी तीस डावांत शिक्का मारला. अकरा खेळला होता, नऊ वेळा रेज, म्हणजे 37/30. मी त्याला बेभान समजून हलक्या पानांवर कॉल करत गेलो आणि त्या रात्री सगळ्या चिप्स घालवून बसलो. सहाशे डावांनंतर तोच माणूस 24/19 निघाला. हिशेब असा आहे: खरा आकडा 25 असेल, तर पंचवीस डावांत तो 8 पासून 42 पर्यंत कुठेही दिसू शकतो. शंभर डावांत साधारण 16 ते 34, चारशे डावांत 21 ते 29. मी मार्केट यार्डात अडतीवर हिशेब लिहितो. तिथे हळदीच्या सौद्यात एकच हळकुंड मोडून कोणी भाव बोलत नाही.

टेबलावर किती जण होते हेही लिहून ठेवा. नऊ जणांत 22 म्हणजे बऱ्यापैकी मोकळा हात, सहा जणांत तोच आकडा शिस्तीचा. पावसाळ्यात आमच्याकडे चारच जण जमतात आणि सगळ्यांचेच आकडे चढतात. ते डाव मी वेगळे ठेवतो.

आता ढीगभर आकडे. सॉफ्टवेअरमध्ये पोकरट्रॅकर 4 आणि होल्डेम मॅनेजर 3 ही नावं सगळीकडे ऐकू येतात. दोन्ही विकतची, दोन्ही डावांच्या नोंदी वाचून प्रत्येकाच्या नावाशेजारी आकडे दाखवतात. पोकरट्रॅकर मॅकवरही चालतो, होल्डेम मॅनेजरला विंडोज लागतं. जीजीपोकरसारख्या ऑनलाइन पोकरच्या साइट बाहेरचं असं काही चालूच देत नाहीत. ज्याच्याकडे एकेका गड्याविरुद्धचे हजारो डाव जमलेत, त्याच्यासाठी ही चांगली हत्यारं आहेत. आपल्याकडे तेवढे डाव नाहीत. थ्री-बेटचा आकडा घ्या, म्हणजे कोणी रेज केल्यावर त्यावर पुन्हा रेज. वीस संधींत एकदा केलं तर 5 टक्के, तीनदा केलं तर 15. दोन डावांच्या फरकाने भित्र्याचा शूर होतो. स्क्रीनवर मात्र तो आकडाही बाकीच्यांइतकाच ठळक दिसतो, आणि नवखा माणूस तिथेच फसतो.

आक्रमकतेच्या आकड्याचं दुखणं वेगळं. एएफ म्हणजे फ्लॉपनंतरच्या बेट आणि रेज भागिले कॉल. एकाने सहा वेळा बेट केली, दोनदा कॉल, बारा वेळा फोल्ड, म्हणजे पानं टाकून दिली. दुसऱ्याचंही सहा आणि दोन, पण फोल्ड दोनदाच. एएफ दोघांचा 3. फोल्ड धरून मोजलं तर पहिला वीसपैकी सहा वेळा चढतो, दुसरा दहापैकी सहा वेळा. पहिल्यावर दबाव टाकला की तो पानं टाकतो, दुसरा अंगावर येतो. या दोघांना एकाच खणात टाकणारा आकडा मी वापरणं सोडलं. फोल्ड धरणारी टक्केवारी मिळत असेल तर ती घ्या.

वहीबद्दल लोक कमी बोलतात. वहीत मोजदाद कच्ची राहते आणि आपला रागलोभ शिरतो, हे खरं. पण पानं उघडी पडली तेव्हा काय होतं, हे वहीच नीट सांगते. माझ्या वहीत एकाच्या पानावर लिहिलंय: "शेवटच्या पानावर पॉटएवढी बेट, तीनदा उघडली, तिन्ही वेळा फ्लश किंवा त्याच्यावर." पॉट म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, फ्लश म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं. त्याचे आकडे 23/17, अगदी सरळमार्गी, त्यातून हे कधीच कळलं नसतं.

म्हणून तुला माझा सल्ला: सॉफ्टवेअर आत्ता नको. आपण सात-आठच जण, तेच ते, आठवड्यातून एकदा. दोन आकडे एक्सेलमध्ये मोज, उघडलेली पानं वहीत लिही. शंभर डाव होईपर्यंत कुणाच्याही नावापुढे शब्द लिहू नको, नुसते आकडे. पुढे अनोळखी लोकांच्या टेबलांवर रोज बसायला लागलास आणि डाव हजारांत गेले, तर पोकरट्रॅकरचा विचार कर. रविवारी येताना शंभर पानी वही घेऊन ये. पहिला रकाना डावांच्या संख्येचा आखायचा, तो कसा ते दाखवतो.