परळची एक जिम: मशीनना चार स्टार, सकाळच्या फुकट बॅचला शून्य

आधीच सांगते, जिम वाईट नाहीये. परळ स्टेशनवरून चालत सात-आठ मिनिटं, जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटचा दुसरा मजला आणि वर पत्र्याची शेड टाकलेली गच्ची. मशीन जुनीच आहेत पण तेलपाणी वेळच्या वेळी होतं, ट्रेडमिल तीन, त्यातली एक कायम बंद, डंबेल्स भरपूर. लेडीज बॅच दुपारी चार ते साडेपाच, ट्रेनर मुलगी खरंच शिकवते, नुसती मोबाईल बघत बसत नाही. महिन्याला १२०० रुपये, तीन महिन्यांचे एकदम भरले तर ३०००, ह्या एरियात ह्यापेक्षा स्वस्त मिळणार नाही, टॉवरखालच्या जिमवाले तर तेवढे नुसत्या रजिस्ट्रेशनचे घेतात. चेंजिंग रूम म्हणजे कपाटच आहे आणि लॉकरला कुलूप आपलं न्यायचं. इथपर्यंत चार स्टार, बिनधास्त जा.

आता मुद्द्याचं. गच्चीवर पहाटे साडेपाचला जी "फुकट फिटनेस बॅच" चालायची तिला पोरं पाच-पाच स्टार देऊन गेलीयेत, "दादा एक नंबर", "ही बॅच नाही फॅमिली आहे" वगैरे, आणि ते वाचून कोणीतरी आपलं पोरगं पाठवेल म्हणून लिहायला बसले. दादा म्हणजे बॅच चालवणारा, आणि व्यायामाच्या नावाखाली तिथे पोरांना दुसऱ्या बाजूच्या लोकांचा द्वेष शिकवत होते. जिमचं नाव मुद्दाम टाकत नाही, मालकाने गच्ची नुसती भाड्याने दिलेली. बॅच कुठल्या बाजूची होती तेही लिहिणार नाही, कारण लिहिलं की अर्धे म्हणणार आमच्यात असलं काही नसतं आणि उरलेले म्हणणार बघा आम्ही सांगत होतो. सगळ्यांकडे ही बॅच आहे, टी-शर्टचा रंग तेवढा वेगळा.

माझा भाचा चिपळूणचा, वय एकोणीस, आयटीआय करून इथे अप्रेंटिसला लागला, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहतो, मुंबईत ओळख ना पाळख. सर्व्हिस म्हणून बघितलं तर पहिले दोन महिने त्याला जे मिळालं ते खरंच टॉप होतं, उगाच कशाला खोटं बोला. फी नाही. व्यायाम झाला की उकडलेली अंडी आणि केळी. दादा प्रत्येकाला नावाने हाक मारणार, बर्थडेला केक, एकाची आई केईएमला ॲडमिट होती तर चार पोरं आळीपाळीने रात्रभर थांबली आणि रक्तही दिलं. पावसात राजमाचीचा ट्रेक, ट्रेनच्या तिकिटाचे तेवढे आपले. भाषण नाही, घोषणा नाही, कोणाबद्दल वाईट शब्द नाही. मीच त्याच्या आईला फोनवर सांगत होते की पोरगं चांगल्या संगतीला लागलंय, आणि तेव्हा जे दिसत होतं त्यावरून कोणीही तेच म्हणालं असतं.

नंतर ह्या विषयावर वाचत बसले तेव्हा कळलं की ही पद्धत जुनीच आहे. तोरे ब्यॉर्गो नावाचा नॉर्वेचा अभ्यासक आहे, त्याने तिकडच्या नवनाझी (हिटलरचे विचार मानणाऱ्या) टोळ्यांमधल्या पोरांवर बरीच वर्षं काम केलंय, त्याचं म्हणणं असं की बरीच पोरं विचार पटला म्हणून आत जातच नाहीत, दोस्ती, थोडं थ्रिल, संरक्षण, आपलं म्हणणारं कोणीतरी ह्यासाठी जातात आणि द्वेष आत गेल्यावर शिकतात. व्यायामाचंही तसंच. अमेरिकेत कॅलिफोर्नियाला राइज अबव्ह मूव्हमेंट नावाची गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची टोळी होती, बाहेरून बघितलं तर फिटनेस आणि फायटिंगचा क्लब. २०१७ ला तिकडच्याच शार्लट्सव्हिल शहरात वर्णद्वेष्ट्यांच्या मेळाव्यात जी मारामारी झाली त्यात ह्यांच्यातल्या चौघांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. म्हणजे आमच्या दादाने काही नवीन शोध लावला नव्हता.

तिसऱ्या महिन्यापासून मेन्यू बदलला. आधी व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात सुप्रभात आणि डाएट. मग निवडक पोरांचा टेलिग्रामवर वेगळा ग्रुप, नंबर लपवायचा, नाव टोपणनाव, मेसेज चोवीस तासांत आपोआप उडणार. अमुक फळवाल्याकडून घ्यायचं नाही. कंपनीतल्या एका दोस्ताच्या घरी जेवायला गेला (दोस्त "तिकडचा") म्हणून सगळ्यांसमोर शंभर बैठका, वर हसत हसत "शिस्त आहे रे, मनाला लावून घेऊ नको". घरात बोलणं बदललं, टीव्ही लागला की "ही लोकं अशीच", जेवताना मान खाली, आणि त्याच्या मोबाईलला हात लावला की अंगावर यायचा. चिपळूणच्या शाळेतल्या दोस्तांचे फोन घेणं बंद. आणि एक दिवस म्हणाला, "मावशी, होमवर्क आहे, आपल्या गल्लीत कुठलं दुकान कोणाचं, कुठल्या खोलीत कोण, लिहून द्यायचंय."

माझ्या पोटात गोळाच आला. ९२-९३ च्या मुंबई दंगलीत मी शाळेत होते आणि ह्याच चाळीत होते, लोकांनी दारावरच्या नावाच्या पाट्या काढून आत ठेवल्या होत्या, बापे लोक रात्रभर जिन्यात पहारा द्यायचे, आणि यादी हा शब्द कानावर पडला की आई आम्हाला आत ओढायची. ह्या दादाने पोरांना त्याच दंगलीची गोष्ट सांगितलेली, त्याच्या गोष्टीत एकाच बाजूची माणसं मेली. दादाचा जन्मही तेव्हा झाला नसेल! त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आहे ना, त्यात ९०० मृत आहेत, ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळखच पटली नाही आणि ५ इतर. आणि दादा जे कधीच सांगणार नाही ते म्हणजे भिवंडी. १९७० ला पेटलं, १९८४ ला पेटलं, पण ९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिलं, कारण १९८८ पासून तिथे डीसीपी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या, गल्लीतली दोन्हीकडची साधी माणसं आणि पोलीस नेमाने एकत्र बसायचे. त्यांच्याकडेही गल्लीतल्या माणसांच्या नावांची यादीच होती म्हणा, पण ती एकत्र बसायला.

बरं, फुकट म्हणतात त्याचं बिल कसं येतं ते सांगते, कारण हे पोरांना कोणी सांगत नाही.

बॅचमधल्या दोघांनी एका टपरीवाल्याला मारलं, बाकीचे पाच-सहा नुसते उभे, एक व्हिडिओ काढत होता. एफआयआर सगळ्यांवर. "मी हातसुद्धा लावला नाही" हे चालत नाही हो, पाच किंवा जास्त जणांचा बेकायदेशीर जमाव ठरला की जमावाच्या हेतूसाठी एकाने जे केलं ते सगळ्यांच्या नावावर, पूर्वी आयपीसीचं १४९ होतं, आता भारतीय न्याय संहितेत १९०. धर्म, जात, भाषेवरून गटागटांत वैर पसरवलं तर कलम १९६, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि मोबाईलवरचा मेसेजही त्यात येतो. धुळ्याच्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला पोरं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजाच्या पाच माणसांना गावाने ठेचून मारलं, अफवा मोबाईलवरची, आणि त्यात २०२४ ला सात जणांना जन्मठेप लागली. त्याच जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. (ग्रुप ॲडमिन लोकांनो घाबरू नका, मेंबरने काहीही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, २०२१ ला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तसं सांगितलंय, पण ठरवून सामील असाल तर मग आहेच.)

आणि केस लागली की पुढचं सगळं अडकतं. सरकारी नोकरीच्या फॉर्मवर विचारतात, पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये निघतं, कोर्टात केस चालू असली तर पासपोर्ट नाकारता येतो, म्हणजे ज्या पोराला दुबईला फिटर म्हणून जायचंय त्याचं स्वप्न तिथेच खलास.

आता दादा कुठे होता ते विचारा. फोन स्विच ऑफ, टेलिग्राम अकाउंट डिलीट. अंड्यांना पैसे होते पण वकिलाला नव्हते. एका पोराच्या आईने मंगळसूत्र गहाण टाकून जामिनाची सोय केली, मी स्वतः तिच्याबरोबर सोनाराकडे गेलेय. माझा भाचा त्या दिवशी सेकंड शिफ्टला होता म्हणून वाचला, बाकी काही कारण नाही.

पेपरमध्येही हेच दिसतं, कुठल्याही बाजूचं घ्या. २०१४ ला कल्याणची चार पोरं यात्रेच्या नावाखाली इराकला गेली आणि आयसिसला मिळाली, त्यातला एक इंजिनीयरिंगचा विद्यार्थी नोव्हेंबरमध्ये परत आला, तिकडे आपल्याला संडास साफ करायला आणि लढणाऱ्यांना पाणी द्यायला लावलं असं त्याने तपासात सांगितल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या, आणि इथे आल्यावर जामिनावर बाहेर यायला त्याला सहा वर्षांच्या वर लागली. २०२२ च्या जानेवारीत मुस्लिम बायकांचे फोटो टाकून "लिलाव" करणारं बुल्ली बाई ॲप निघालं, मुंबईच्या सायबर पोलिसांनी पकडले ते कोण, तर एकवीस वर्षांचा इंजिनीयरिंगचा पोरगा आणि अठरा वर्षांची पोरगी. दोन्हीकडे वय बघा.

बाहेर पडायची सोय, म्हणजे कॅन्सलेशन पॉलिसी, सगळ्यात बेकार. भाच्याने ग्रुप सोडला तर रात्री-अपरात्री फोन, "गद्दार" असे मेसेज, दोन दिवस खाली बाईक लावून पोरं उभी. तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड हवालदार काका खाली जाऊन त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसले, मग पांगली. धमक्यांचे स्क्रीनशॉट आम्ही काढून ठेवलेत, तुम्हीही ठेवा, मेसेज उडायच्या आत.

त्याला बाहेर काढताना काय चाललं आणि काय नाही तेही सांगते. आमच्या ह्यांनी आधी वाद घातला, रोज फॅक्टचेकच्या लिंक पाठवल्या, पोरगं अजूनच गप्प झालं. चाललं काय तर कबड्डी. ह्यांनी लालबागच्या ओळखीच्या मंडळात संध्याकाळी नेऊन उभा केला, तिथे रेड मारताना कोण कुठला बघायला वेळच नसतो आणि मॅच संपली की वडापाव असतोच. जर्मनीत २००० साली एक्झिट नावाची संस्था निघाली, एक माजी पोलीस अधिकारी आणि एक टोळी सोडून आलेला नवनाझी अशा दोघांनी काढलेली, ते लोकही आधी राहायची जागा, काम, सुरक्षितता बघतात आणि विचारांचं बोलणं त्याच्याबरोबरीने हळूहळू. पटलं मला, कारण ह्या पोराला पहाटे साडेपाचला जे मिळत होतं ते दुसरीकडून मिळाल्याशिवाय तो सुटणारच नव्हता. झोप उडालेली त्याची, तेव्हा टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिकडच्या ताईने आधी त्याला बोलू दिलं, मध्ये एकदाही उपदेश केला नाही, त्या सर्व्हिसला माझ्याकडून पाच स्टार.

तो जेवायला गेला होता तो कंपनीतला दोस्त अजून त्याच्याशी नीट बोलत नाही. बरोबरच आहे त्याचं.

जिमचं म्हणाल तर मालकाला जाऊन सांगितलं, आधी हात झटकले, "मी फक्त भाडं घेतो", मग हवालदार काका सोबत आले तेव्हा गच्ची रिकामी झाली. आता तिथे सकाळी साडेसहाला सीनियर सिटिझनचा योगा असतो, ६०० रुपये महिना, सासूबाई जातात, चटई आपली न्यायची, आणि डिपॉझिटची पावती मागितल्याशिवाय देत नाहीत तेवढं लक्षात ठेवा.