म्यूऑनचा भार ओळखायचाय: चुंबकातलं लोखंड की पाणी?

न्यूट्रिनोवर (पदार्थातून जवळजवळ न अडता जाणाऱ्या अतिसूक्ष्म, भारहीन कणावर) संशोधन करायचं पक्कं झालं, पण लोखंडी डिटेक्टर निवडावा की पाण्याचा, इथे गाडी अडली असेल, तर आधी एकच विचारा: प्रत्येक घटनेतल्या (म्हणजे न्यूट्रिनोच्या प्रत्येक टकरीतल्या) म्यूऑनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचा, विद्युतभार कळायला हवा, की हजारो घटनांची सरासरी पुरेल?

न्यूट्रिनोपासून ऋण म्यूऑन निघतो, अँटिन्यूट्रिनोपासून (त्याच्या प्रतिकणापासून) धन. पृथ्वीच्या पोटातून येताना पदार्थाचा मोठा परिणाम दोघांपैकी एकावरच होतो. न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम (कोणतं जड, कोणतं हलकं) सरळ असेल तर न्यूट्रिनोंवर, उलटा असेल तर अँटिन्यूट्रिनोंवर. दोघांची सरमिसळ झाली की हा फरक पुसट होतो.

लोखंडाला चुंबक केलं की धन आणि ऋण म्यूऑन त्यात विरुद्ध दिशांना वळतात. हा मार्ग अमेरिकेतल्या सूदान खाणीत मिनोस या 5,400 टनांच्या डिटेक्टरने चालून दाखवला. भारतातल्या आयकॅल या नियोजित डिटेक्टरचा आराखडा 50,000 टनांचा आहे: 5.6 सेंमी जाडीचे लोखंडाचे थर, मधे 4 सेंमी फट, चुंबकीय क्षेत्र सुमारे 1.5 टेस्ला. कागद-पेन्सिल घेऊन बसा. 2 जीईव्हीचा (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) म्यूऑन सरळ खाली आला तर तीसेक थर ओलांडतो आणि त्याच्या वाटेला ढोबळमानाने 13-14 सेंमी बाक येतो. फटीतल्या डिटेक्टरच्या पट्ट्या साधारण 3 सेंमी रुंदीच्या, त्यामुळे बाक डावीकडे की उजवीकडे हे स्वच्छ दिसतं. अर्ध्या जीईव्हीचा म्यूऑन मात्र सातव्या थरापाशी थांबतो. त्याचा बाक जेमतेम 3 सेंमी, म्हणजे एका पट्टीएवढा, आणि त्यातही लोखंडाच्या अणुकेंद्रांचे धक्के खाऊन वाट वेडीवाकडी झालेली. तिरप्या म्यूऑनला थर आणखी कमी मिळतात. माझ्या मते लोखंडाची खरी मर्यादा हीच.

जपानच्या सुपर-कामिओकांडेतही 50,000 टनच, पण पाणी, आणि चुंबक नाही. तिथे कमी ऊर्जेचा म्यूऑनही दिसतो, मात्र भार आडवाटेने शोधावा लागतो. धन म्यूऑनचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, ऋण म्यूऑन ऑक्सिजनकडून पकडला जाऊ शकतो, म्हणून पाण्यात त्याचं 1.8 च्या आसपास. एकट्या म्यूऑनच्या मरणवेळेवरून यातून काहीच ठरत नाही. न्यूट्रॉनचा माग अधिक कामाचा: अँटिन्यूट्रिनो प्रोटॉनवर आदळला की न्यूट्रॉन सुटतो. 2020 मध्ये पाण्यात न्यूट्रॉन पकडणारं गॅडोलिनियम हे मूलद्रव्य मिसळल्यापासून तो टिपणं खूप सोपं झालं. तरी पकडला गेलेला ऋण म्यूऑनही न्यूट्रॉन सोडतोच, त्यामुळे निवाडा शंभर टक्के होत नाही.

एकेका घटनेचा भार हवा आणि म्यूऑन 1 जीईव्हीच्या वरचे असतील, तर मी बेधडक लोखंड घेईन. त्याखालच्या ऊर्जेत, किंवा इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोही (ज्यांपासून म्यूऑनऐवजी इलेक्ट्रॉन निघतो) हवे असतील, तर पाणीच. आज भरपूर विदा हातात हवी असेल तरीही पाणीच, कारण आयकॅल अजून उभा राहिलेला नाही. पण चुंबकातला बाक प्रत्यक्ष मोजायला शिकायचं असेल, तर मदुराईचा 85 टनी मिनी-आयकॅल आहे. मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मधली मंडळी या कामात आहेत, त्यांच्याशी आधी बोला.