मोजो स्टोरी: एका जुन्या केबलवाल्याचं मत

साताऱ्यात बावीस वर्षं केबलचा धंदा केला. गच्चीवर तीन डिश, जिन्याखाली आठ बाय दहाची कंट्रोल रूम आणि खांबाखांबावरून ओढलेली काळी वायर. आता मुलगा बघतो सगळं. गिऱ्हाईक वायफाय मागतं, चॅनेल कुणी विचारत नाही. मीसुद्धा बातम्या आता यूट्यूबवरच बघतो, तेही जुन्या कंट्रोल रूममध्येच बसून, कारण घरात टीव्हीचा रिमोट माझ्याकडे नसतो. तिथं गेली काही वर्षं पत्रकार बरखा दत्तचं ‘मोजो स्टोरी’ नेमानं लावतो. चॅनेल कसं आहे ते सांगतो, पण आधी जरा मागे जावं लागेल. या बाईला मी वर्षानुवर्षं घरोघरी पोचवलंय, तिला ते माहीत नसलं तरी.

1999 चा जून. कारगिल चालू होतं. तेव्हा स्टार न्यूजच्या बातम्या एनडीटीव्ही तयार करायचं आणि ही पोरगी हेल्मेट घालून डोंगरात उभी राहून बोलायची. वय सत्तावीस. बोलणं इंग्रजीत, आमच्या गल्लीत निम्म्यांना कळायचं नाही, तरी त्या वेळेला दुसरं चॅनेल लावलं की दहा मिनिटांत दारात माणूस. अपशिंगे मिलिटरी हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. घरटी एक माणूस फौजेत म्हणतात तसला हा मुलूख. पलीकडच्या गल्लीतल्या एका आबांचा मुलगा तिकडं कारगिलला होता. त्यांच्या घरी टीव्ही होता, पण लाईट गेली की ते काठी टेकत माझ्याकडे यायचे, कारण माझ्याकडे इन्व्हर्टर. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. एक दिवस मॉनिटरच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाले, “त्या पोरीला जरा बाजूला व्हायला सांग की. मागचा डोंगर दिसंना.”

कॅप्टन विक्रम बत्राची ती मुलाखत तिनंच घेतली होती. पॉइंट 5140 हे शिखर जिंकून आलेला, दाढी वाढलेला, हसतमुख पोरगा. 7 जुलैला तो गेला. आबांचा मुलगा परत आला, आता निवृत्त होऊन शेती करतो.

बरखाच्या आईबद्दल मला कळलं ते फार उशिरा, आणि कळल्यावर ते हेल्मेट वेगळं दिसायला लागलं. आई प्रभा दत्त, दिल्लीच्या हिंदुस्तान टाइम्समध्ये बातमीदार. 1965 च्या लढाईला पाठवा म्हणाल्या, तर ऑफिसनं नकार दिला. बाईमाणसाला आघाडीवर कोण पाठवणार? बाईंनी पंजाबात आईवडिलांकडे जायचं म्हणून रजा टाकली आणि खेमकरणला पोचून बातम्या पाठवायला सुरुवात केली. झालं. आलेली बातमी काय परत पाठवणार?

दुसरी गोष्ट याहून मोठी. दिल्लीत गीता आणि संजय चोप्रा या भावंडांना मारणारे बिल्ला आणि रंगा फाशीची वाट बघत तिहारमध्ये होते. प्रभाताईंना त्यांची मुलाखत हवी होती, तुरुंगानं नाही म्हटलं, तर त्या थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. नोव्हेंबर 1981 मध्ये निकाल लागला: कैद्यांची तयारी असेल तर पत्रकारांना भेटू द्या, नाकारायचं असेल तर सबळ कारण लेखी द्या. निकाल देणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, म्हणजे आपले पुण्याचे. कायदा शिकणारी पोरं हा खटला आजही ‘प्रभा दत्त’ याच नावानं वाचतात. 1984 मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं त्या अचानक गेल्या. बरखा तेव्हा शाळेत. धाकटी बहार, तीसुद्धा पुढे टीव्हीतच आली, पर्यावरणाच्या बातम्या करायला लागली. आमच्याकडे वायरमनच्या पोराच्या हातात पक्कड आपोआप येते, तसंच हे.

तर चॅनेल. 2017 मध्ये बरखानं एनडीटीव्ही सोडलं आणि पुढे हे स्वतःचं काढलं. मोजो म्हणजे मोबाईल जर्नलिझम. थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन नाही, गाडीच्या टपावर डिश नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा, खरं सांगतो, धंद्याच्या सवयीनं आधी चित्रातले दोष मोजले. ऊन मागून आलंय, माइकवर वारा घोंघावतोय, फोकस मध्येच सुटतोय. माझ्या मॉड्युलेटरवरून असलं चित्र गेलं असतं तर महिन्याचे शंभर रुपये वसूल झाले नसते. दहा मिनिटांनी मोजणं विसरलो.

ते दिवस होते 2020 च्या लॉकडाऊनचे. बाई थोडक्या माणसांनिशी गाडीत बसून दिल्लीहून निघाली ती खाली केरळापर्यंत रस्त्यानं गेली. बातमी कुठली, तर रस्त्यानं चालणारे लोक. आमच्या हायवेवरूनही पुण्याकडून माणसं येत होती. डोक्यावर बोजा, कडेवर पोर, पायात एकेक चप्पल वेगळी. मी वाढे फाट्याला दोन दिवस पाणी वाटलंय, पण एकालाही “कुठून आलास, पगार किती थकला” असं विचारायचं सुचलं नाही. हात जोडायचे, बाटली द्यायची, पुढचा माणूस. ही विचारत होती आणि उत्तर संपेपर्यंत गप्प उभी राहत होती. मोठ्या चॅनेलवर असल्या ठिकाणी अँकर मध्ये तोंड घालतो. इथं माणूस बोलता बोलता थांबला तरी कॅमेरा हलत नाही. या चॅनेलमधली माझ्या मते सगळ्यात चांगली चीज हीच, तो न हललेला कॅमेरा.

2021 च्या एप्रिलमध्ये ती सुरतेच्या स्मशानाबाहेर बसून बातमी देत होती. त्याच महिन्याच्या शेवटी तिचे स्वतःचे वडील कोविडनं गेले. एअर इंडियात नोकरी केलेले गृहस्थ. त्यानंतरचे तिचे व्हिडिओ मी एका बैठकीत बघू शकलो नाही.

मग सगळंच गोड का? नाही. स्टुडिओतल्या चर्चा मी पुढे ढकलतो. चार चौकटी, चार डोकी, इंग्रजी फाडफाड. असलं मी बावीस वर्षं वायरमधून वाहिलंय, त्यासाठी इथं कशाला येऊ? बायकांच्या कार्यक्रमातल्या मोठ्या मुलाखती बायकोला आवडतात, मी मधूनच उठतो. मराठीत काही नाही, आणि हिंदी-इंग्रजीची खिचडी माझ्या मुलाला पचते तशी मला पचत नाही.

आणि या बाईवर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी कुणालाच सांगणार नाही. 2010 मध्ये नीरा राडिया या उद्योगपतींसाठी लॉबिंग करणाऱ्या बाईच्या फोनच्या टेप बाहेर आल्या, त्यात बरखाचं संभाषण होतं. तिनं आपल्याच चॅनेलवर बसून इतर संपादकांचे प्रश्न घेतले, अंदाज चुकला म्हणाली, गैर काही केलं नाही म्हणाली. काहींना पटलं, काहींना नाही. मला अर्धं पटलं. 26/11 चं तर काय बोलायचं. सगळीच चॅनेलं ताज आणि ओबेरॉयच्या समोर कॅमेरे लावून बसली होती, आणि 2012 मध्ये कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टानं त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले, कारण पलीकडं बसलेले सूत्रधार टीव्ही बघूनच अतिरेक्यांना सूचना देत होते. त्या तीन रात्री मी झोपलो नव्हतो. ॲम्प्लिफायर गरम होऊन बंद पडू नये म्हणून टेबलफॅन लावून बसलो होतो, जणू मोठी समाजसेवा चाललीय. चूक फक्त कॅमेरेवाल्यांची असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जून 2023 मध्ये हे चॅनेल हॅक झालं आणि सगळे व्हिडिओ उडाले. ते रस्ते, ती स्मशानं, सगळं. चॅनेल परत उभं राहिलं, पण तेव्हापासून मला आवडलेलं मी उतरवून ठेवतो. मुलगा हसतो. हसू दे. पूर्वी बातम्यांच्या कॅसेटवर लग्नाच्या कॅसेट टेप केल्यात मी, कारगिलच्यासुद्धा, तेव्हा मला अक्कल नव्हती.

पाचात साडेतीन तारे. रस्त्यावरच्या बातम्यांना साडेचार, चर्चांना दोन, फुकट आहे म्हणून उरलेलं. नवीन बघणाऱ्यानं 2020 चे जे व्हिडिओ सापडतील त्यांच्यापासून सुरुवात करावी आणि कानाला हेडफोन लावावा, वाऱ्याचा आवाज स्पीकरवर फार त्रास देतो.

परवा आबांचा मुलगा इंटरनेटचं बिल भरायला आला होता. बत्राची ती जुनी मुलाखत यूट्यूबवर शोधून त्याला दाखवली. तो बत्राकडं बघत नव्हता. स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, “हितनं वर जायची वाट होती.”