ॲक्सेस की पोस्टग्रेस?

मामेभावाचं स्पेअर पार्टचं होलसेल दुकान. एक्सेलमध्ये ‘क्लच प्लेट’ आणि ‘क्लचप्लेट’ हे दोन वेगळे माल, साठा दोन्हीकडे अर्धा-अर्धा. आता डेटाबेस, म्हणजे माहिती टेबलांत नीट साठवणारा प्रोग्रॅम, हवाय, पण कोणता? मायक्रोसॉफ्टचा ॲक्सेस की पोस्टग्रेस (PostgreSQL)?

खर्चाचं बघू. ॲक्सेसला मायक्रोसॉफ्टचं लायसन्स लागतं, चालतं फक्त विंडोजवर. पोस्टग्रेस फुकट, सांभाळणारा माणूस मात्र फुकट नाही, आणि खरा खर्च तोच!

मेहनत ॲक्सेसला कमी. टेबल, फॉर्म, रिपोर्ट सगळं एकाच ठिकाणी. शनिवार-रविवारात बिलाचा फॉर्म उभा राहतो. पोस्टग्रेसवर स्क्रीन वेगळी बनवून घ्यावी लागते.

टिकण्याच्या बाबतीत पारडं फिरतं. ॲक्सेसची फाइल २ जीबीला थांबते. वायफायवरून चौघांनी तीच फाइल उघडली आणि मध्येच नेट तुटलं, तर ती बिघडू शकते. पोस्टग्रेसमध्ये सगळं सर्व्हरवर, म्हणजे एका मुख्य कॉम्प्युटरवर. बिल करताना वीज गेली तरी, प्रोग्रॅम नीट लिहिला असेल तर, बिल आणि साठ्यातली वजावट दोन्हींची नोंद होते, नाहीतर एकाचीही नाही. (बॅकअप दोन्हीकडे आपणच घ्यायचा, हे कोणी ऐकत नाही.)

एक दुकान, दोन-तीन कॉम्प्युटर, वायरचं नेटवर्क असेल तर ॲक्सेस पुरे. गोदाम वेगळं, शाखा दोन, सेल्समन मोबाइलवरून ऑर्डर टाकणार असतील, तर पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेस.