इंजिन आधीच गरम होतं

पहिलीच गाडी. क्लच नीट सोडता येत नव्हता, म्हणून शिकेपर्यंत जुनी घेऊ असं ठरवलं. पुण्यात दीडशे सीसीची बाईक 42 हजारांत मिळाली. टाकी चकाचक, सीट कव्हर कोरं, मीटरवर 21 हजार किलोमीटर.

मी पोचलो तेव्हा गाडी दारात काढून ठेवलेली होती. सेल्फ मारला, लगेच सुरू झाली. वाकून बघताना पोटरी सायलेन्सरला लागली आणि पँटीतून चटका बसला. विकणारा म्हणाला, "आत्ताच धुऊन आणली." मला ते पटलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ घेईना. वीसेक किका मारल्यावर सुरू झाली आणि मागे निळा धूर. गॅरेजवाल्या काकांनी धूर बघूनच सांगितलं, ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, बोअर करावा लागेल, म्हणजे सिलिंडर आतून घासून नीट करावा लागेल. मग फूटरेस्टचं रबर दाखवलं, पार गुळगुळीत. "21 हजारात असं झिजत नाही बाळा, मीटर मागे घेतलाय." कामाचे 11 हजार झाले.

म्हणून सांगतो, गाडी बघायला सकाळीच जा. मी येईपर्यंत सुरू करू नका असं आदल्या दिवशीच सांगा, आणि पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम इंजिन लगेच सुरू होतं आणि दोष लपतो. म्हणून गरम लागलं तर थंड होईपर्यंत थांबा, नाहीतर परत या. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, त्याचे चारपाचशे जाऊ देत.

खरा घोळ कागदात निघाला. विकणाऱ्याने गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 सह्या करून दिले होते, मी निर्धास्त. आरटीओत कळलं की गाडीवर फायनान्सचा बोजा आहे, म्हणजे कर्ज फिटलेलं नाही. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, फायनान्स कंपनीचं नाव छापलेलं होतं, मी फक्त नंबर बघितला होता. फायनान्सची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 यांशिवाय बोजा उतरत नाही, आणि बोजा असताना फायनान्सच्या संमतीशिवाय गाडी नावावर होत नाही. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला असता तर हे घरबसल्या दिसलं असतं. थकलेली चलनं पण ऑनलाइन दिसतात, तीही बघा. चासी नंबर हँडलखाली फ्रेमवर ठोकलेला असतो, तो आरसीशी एकेक आकडा जुळवा.

विकणाऱ्याचा फोन आठ दिवस बंद होता. शेवटी मी वडिलांना घेऊन त्याच्या घरी गेलो. उरलेले तीन हप्ते मीच भरले, तेव्हा कुठे तो एनओसी आणायला माझ्यासोबत आला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. एनओसी हातात पडेपर्यंत निम्मे पैसे तरी स्वतःकडे ठेवा.