शेवाळाचं औषध मागितलं, द्राक्षाचं खत घेऊन आले : पंचवटीतलं एक कृषी सेवा केंद्र

पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच. आधी माशांच्या टँकसाठी मी खतांच्या दुकानात कशाला गेले ते सांगते.

टँक अडीच फुटांचा आहे. माती-दगड वजा जाता पाणी साधारण 75 लिटर. झाडं म्हणजे हायग्रोफिला, व्हॅलिसनेरिया, जावा फर्न आणि लाकडावर बांधलेलं अनुबियास. मासे निऑन टेट्रा आणि थोडे ओटो, शिवाय चेरी कोळंबी. झाडांना कार्बन डायऑक्साइड देणारा सीओटूचा सिलिंडर नाही आणि बसवायचाही नाही. गेल्या उन्हाळ्यात अनुबियासच्या पानांच्या कडांवर काळी दाढी उगवली. हे एक शेवाळच, हौशी लोक तिला बीबीए (ब्लॅक बिअर्ड अल्गी) म्हणतात. काचेवर हिरवे ठिपके आले, तेही इतके चिवट की जुन्या एटीएम कार्डाने खरवडावे लागायचे. माशांच्या दुकानात गेलं की प्रश्न एकच, ‘शेवाळ कोणतं?’ आणि उत्तर म्हणजे एक बाटली. बाटली संपली की शेवाळ परत. झाडं कशी आहेत, हे काही कुणी विचारलं नाही.

ते विचारलं आमच्या भाऊजींनी. त्यांची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. जेवण होईपर्यंत टँकसमोर बसले होते, तिथूनच म्हणाले, “वहिनी, शेवाळाचं राहू द्या. खालची पानं बघा, पिवळी पडलीत, भोकं पडलीत. शेंडा मात्र हिरवा. पोटॅश आणि नत्र कमी आहे याला.”

बागेत देठ परीक्षण (पानांचे देठ तपासून अन्नद्रव्यं मोजणं) करून घेणाऱ्या माणसाची नजर आहे ती. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम, म्हणजे भाऊजींचं पोटॅश) झाडात फिरू शकतात. तुटवडा झाला की झाड ते जुन्या पानातून काढून शेंड्याला देतं, म्हणून आधी खालचं पान बिघडतं. लोहाचं उलट. ते जिथे बसलं तिथेच राहतं, म्हणून लोह कमी पडलं की शेंडा पांढुरका होतो. मातीतल्या वेलीला हा नियम लागू आहे तसाच पाण्यातल्या हायग्रोफिलालाही. आणि असं खंगलेलं, वाढ थांबलेलं पान हीच शेवाळाची आवडती जागा.

तर दुकान. पंचवटीत, मार्केट यार्डाच्या बाजूला. नाव देत नाही, कारण तिकडे अशी दुकानं बरीच आहेत आणि मला हवा होता तो माल सगळीकडे तोच असतो. काउंटरवरच्या दादांनी विचारलं, “औषध की खत?” मी सवयीने म्हटलं, शेवाळाचं औषध. त्यांनी लगेच मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, पुडी पुढे केली. शेततळ्यातल्या शेवाळाला लोक हेच घालतात म्हणे, आणि त्यात खोटं काही नाही. तांब्याने शेवाळ मरतं. पण तांब्याने कोळंबी आणि गोगलगायीही मरतात, तेही फार थोड्या मात्रेत. ती पुडी मी परत केली. मग भाऊजींनी लिहून दिलेली चिठ्ठी दाखवली.

“बाग किती एकर, ताई?”

“अडीच फूट.”

दादा हसले नाहीत. मान हलवली आणि दोन पाकिटं आणून ठेवली. याचे पूर्ण गुण दिले आहेत.

पहिलं पाकीट तेरा-झिरो-पंचेचाळीस, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. दुसरं झिरो-बावन्न-चौतीस, म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. पाकिटावरचे आकडे नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने असतात, आणि त्यातले स्फुरद-पालाशाचे आकडे ऑक्साइडच्या हिशोबाने छापतात. शुद्ध पोटॅशियम नायट्रेटचं गणित मांडलं तर नत्र 13.8 आणि पालाश 46.6 येतं. म्हणजे पाकिटात भेसळीला जागा फारशी उरत नाही. ठिबकच्या नळ्या तुंबू नयेत म्हणून ही खतं पूर्ण विरघळणारी बनवतात, त्याचा फायदा आपल्याला फुकटात. माशांच्या दुकानातल्या बऱ्याच महागड्या खत-बाटल्यांत नत्र-स्फुरदासाठी हेच क्षार असतात, फक्त पाण्यात विरघळवलेले. एक किलोची दोन्ही पाकिटं मिळून मला अशा एका बाटलीहून स्वस्त पडली.

आता कापलेला गुण. पैसे देताना काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “एकोणीस-एकोणीस-एकोणीस घ्या ना, सगळ्यालाच चालतं.” बागेला चालत असेल, टँकला अजिबात नाही. त्यातला बराचसा नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. बारा-एकसष्ट-शून्यमधला तर सगळाच अमोनियाचा. अमोनिया माशांना घातक, आणि शेवाळाला आमंत्रण. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणाचंही तसंच. त्यात तांबं असतं, तेव्हा कोळंबी असेल तर घटकांची यादी वाचल्याशिवाय हात लावू नका. मी फक्त लोह घेतलं, ईडीटीए चिलेटेड (ईडीटीए लोहाला विरघळलेलं धरून ठेवतं), 12 टक्क्यांचं. दुकानदाराला टँकचं ज्ञान असावं अशी अपेक्षा नाही, पण ठाऊक नसताना ‘सगळ्याला चालतं’ म्हणू नये एवढी आहे.

घरी सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा आहे. आरओचं पाणी अर्धा लिटर, त्यात 40 ग्रॅम तेरा-झिरो-पंचेचाळीस. विरघळताना बाटली हाताला चांगली गार लागते. हा क्षार विरघळताना उष्णता ओढून घेतो, घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये झिरो-बावन्न-चौतीस फक्त 5 ग्रॅम. दोन्हींतलं 10-10 मिलि आठवड्यातून एकदा, पाणी बदललं की. माझ्या 75 लिटरमध्ये त्याने नायट्रेट साडेसहा पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास वाढतं आणि फॉस्फेट एकाच्या जरा खाली. पालाश दोन्हींतून येतोच, तो वेगळा घेतला नाही. लोहाची बाटली निराळी, 3 ग्रॅमची, आणि तीही दुसऱ्या दिवशी, कारण फॉस्फेटबरोबर लोह एकत्र केलं की गाळ होऊन खाली बसतं. पीएच साडेसहाच्या वर गेला की ईडीटीए लोहाला फार वेळ धरून ठेवत नाही, म्हणून एकदम जास्त घालून उपयोग नाही. सिलिंडरवाल्यांच्या झाडांची भूक मोठी, त्यांनी आपला हिशोब वेगळा करावा. आणि पोटॅशियम नायट्रेट म्हणजे फटाक्यांच्या दारूतला सोरा, तेव्हा डबा लेबल लावून मुलांपासून आणि गॅसपासून लांब ठेवा.

भाऊजींचीच शंका होती की शेततळ्यात खत उतरलं की पाणी हिरवं होतं, मग तुम्ही मुद्दाम का घालता? रास्त शंका आहे. गोदावरीत पाणवेली माजते तीही सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र-स्फुरदावरच. पण शेततळ्यात ते खायला दुसरं कुणी नसतं, टँकमध्ये झाडं असतात. आणि शेवाळाची गरज इतकी थोडी की त्याला उपाशी मारता येत नाही. माशांच्या विष्ठेवर आणि उरलेल्या दाण्यांवर त्याचं भागतं. उपास घडतो तो झाडांना. अमेरिकेतले टॉम बार यांनी ईआय (एस्टिमेटिव्ह इंडेक्स) नावाची जी पद्धत रूढ केली तिचा गाभा हाच आहे: झाडांना काही कमी पडू द्यायचं नाही, आणि साठलेलं दर आठवड्याला अर्धं पाणी बदलून काढून टाकायचं. लगाम घालायचा तो उजेडाला. माझा दिवा दहा तास चालायचा. टायमर लावून सातवर आणला.

खताने काळी दाढी मात्र मेली नाही, मरतही नाही. नवी पानं स्वच्छ येऊ लागली आणि काचेवरचे हिरवे ठिपके पुन्हा धरेनासे झाले. त्या ठिपक्यांचा फॉस्फेटच्या कमतरतेशी संबंध जोडतात, आणि माझ्याकडे तरी तो जुळला. दाढीसाठी अनुबियासची सगळ्यात वाईट पानं सरळ कापून टाकली. लाकडावरच्या दाढीला मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडे ते बहुधा 6 टक्क्यांचं मिळतं, लेबल पाहून घ्या. फिल्टर बंद करून बिनसुईच्या सिरिंजने थेट दाढीवर सोडायचं. पूर्ण टँकला मिळून एका वेळी 10 मिलिच्या वर नाही. दहा-पंधरा मिनिटांनी फिल्टर चालू करून थोडं पाणी बदलायचं. दोन-तीन दिवसांत दाढी आधी गुलाबी होते, मग पांढरी. ती दिसते काळी, पण मुळात लाल शैवालातली. मरताना हिरवं रंगद्रव्य जातं आणि लाल उघडं पडतं. नंतर कोळंबी ती कुरतडून साफ करते.

एक अडचण राहिली. दुकानात सुटं मिळत नाही, एक किलोचंच पाकीट घ्यावं लागतं. माझ्या हिशोबाने तेरा-झिरो-पंचेचाळीस मला चोवीस वर्षं पुरेल. झिरो-बावन्न-चौतीसचं पाकीट 192 वर्षं. उरलेलं भाऊजींच्या ठिबकमध्ये जाणार आहे. तुमच्याकडे असे भाऊजी नसतील तर चार टँकवाल्यांनी मिळून एक पाकीट घ्यावं.

जायचं तर दुपारी जा. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत संध्याकाळी काउंटरवर दिंडोरी-निफाडची माणसं लांबलचक याद्या घेऊन उभी असतात, आणि अडीच फुटांच्या बागेसाठी त्यांच्या पुढे घुसलेलं कुणालाच आवडत नाही.