फोन मीच केला होता

नोकरीसाठी पैसे मागतो तो चोर, हे मलाही माहीत होतं. बी.कॉम. झालोय, अडाणी नाही. तरी 13,550 रुपये गेले, कारण त्यांनी मला फोन केलाच नव्हता. मी केला होता.

जळगावच्या एमआयडीसीत चटयांचे कारखाने पुष्कळ. त्यातल्या एकात स्टोअरकीपरच्या जागेसाठी मुलाखत दिली. खरीखुरी, आत बसून, चहा पिऊन. "आठ दिवसांत कळवतो" म्हणाले. वीस दिवस गेले तरी कळवेनात, लँडलाइन कोणी उचलेना. मग मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून एचआरचा नंबर शोधला आणि पहिला दिसला तो लावला. (असा नंबर कधीही लावू नका. गेटवर जाऊन घ्या.) पलीकडच्या बाईला माझं पद, मुलाखतीची तारीख, सगळं ठाऊक होतं. आता आठवतं, ते मीच बडबडलो होतो. ती फक्त "हो, दिसतंय इथे" म्हणत होती.

नोंदणीचे 1,250. मेडिकल आणि गणवेशाचे 3,800. आजी म्हणाली, "पैसा भरीसन नोकरी भेटस का रे भाऊ?" मी तिलाच गप्प केलं.

मग नेमणूकपत्र आलं. शिक्का, सही, सगळं झकास. पत्त्यात "एमआयडीसी, जळगाव" आणि पुढे पिनकोड 411 ने सुरू होणारा. 411 म्हणजे पुणे. आमच्या जिल्ह्यात पोरालाही 425001 पाठ असतो. मी तो आकडा पाहिला, चुकलाय हेही कळलं, आणि मनात म्हणालो, टायपिंगची चूक असेल. इतकंच नाही, रुजू झाल्यावर आपणच त्यांना सांगू, छाप पडेल, असंही वाटलं! त्याच दुपारी जळगावच्या बसमध्ये, एरंडोल सोडल्यावर, परत मिळणारं डिपॉझिट म्हणून 8,500 पाठवले. आईचे, कापसाचे. पैसे घेणाऱ्याचं नाव स्क्रीनवर भलतंच होतं, तेही दिसलं होतं. वर्षभर घरी बसलेल्या माणसाला दिसतं सगळं, पण त्याला पाहायचं नसतं.

गेटवर वॉचमनने पत्र बघून नुसती मान हलवली. आठवड्यातलं तिसरं म्हणे. मग आपल्या नावाने हे चाललंय अशी पाटी गेटवर लावायला काय जातं?

आता पोलीस. पहिला प्रश्न, पैसे पाठवताना बस कुणाच्या हद्दीत होती? मी काय खिडकीतून हद्द मोजत होतो? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला तो नोंदवावा लागतो. हे म्हणालो तर साहेब हसले. "वकील आहेस का?" तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी नव्या झेरॉक्स. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात ना, मग आम्ही काय करणार. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लागला, पण मी लाजेपायी दोन दिवस घालवले होते. खातं तोवर रिकामं. तुम्ही पहिल्या तासात लावा, घरच्यांना नंतर सांगा. आणि स्क्रीनशॉट पुसू नका. रागाच्या भरात मी अर्धे पुसले.

काल एक फोन आला. सायबरमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, 499 भरा. या वेळी भरले नाहीत. नंबर तक्रारीला जोडायला ठाण्यात गेलो, तर म्हणाले, हा वेगळा अर्ज करावा लागेल.